पोटखराबा

सातबारा हातात आला की माणूस आधी आपलं नाव बघतो, मग क्षेत्र बघतो, मग कुणाचा बोजा चढलाय का ते बघतो. मधे एक बारका रकाना असतो, त्याच्याकडं सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पोटखराबा. म्हणजे गटाच्या पोटात असलेली, पण पेरता न येणारी जमीन. माझ्या गटात ती दहा आर आहे. आर म्हणजे गुंठाच धरा. ह्या दहा गुंठ्यांपायी माझ्या हातून जे झालं, ते लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. आता वय सहासष्ट झालंय. अजून थांबलो तर राहूनच जाईल.

आमचं गाव पोखर्णी. परभणीहून गंगाखेडला जाताना लागतं. नृसिंहाचं देऊळ आहे म्हणून लांबलांबचे लोक गाव ओळखतात. रेल्वेच्या स्टेशनवरही ‘पोखर्णी नृसिंह’ अशीच पाटी आहे. रान काळं, भारी. वरचा माळ तेवढा मुरमाड नि बरड. पाऊस चांगल्या साली भरपूर येतो, वाईट साली तोंड दाखवून जातो. आमच्या शिवारातलं पळतं पाणी ओढ्याला जातं आणि ओढ्याचं शेवटी गंगेला. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.

आमचं जुनं घर माळवदाचं होतं. आताच्या पोरांना माळवद सांगावं लागतं. लाकडाच्या खणावर माती टाकून केलेलं सपाट छत. सपाट दिसतं, पण सपाट नसतं. दर साली मिरगाच्या आधी आबा म्हणजे माझे वडील माळवदावर पांढरीची माती टाकायचे, ती धुमसायचे, आणि मला तांब्याभर पाणी घेऊन वर बोलवायचे. “वत,” म्हणायचे. मी पाणी ओतायचो. आबा उकिडवे बसून बघायचे. पाणी सुरसुर करत पन्हाळीकडं गेलं तर ठीक. मधेच कुठं थबकलं तर तिथं परत माती. मी एकदा विचारलं, “आबा, हे डोळ्यानं दिसत न्हाई का?” तर म्हणाले, “डोळा फसतो बाबा. पाण्यालाच इचारावं, कुठं जातो म्हणून.”

पुढं साठाव्या वर्षी पाणलोट क्षेत्र म्हणजे काय ते मला एका पोरानं नकाशावर समजावून सांगितलं, तेव्हा मला हे माळवदच आठवलं. पाणलोट म्हणजे दुसरं काय? ज्या जमिनीवर पडलेलं पाणी लोटत लोटत शेवटी एकाच तोंडातून बाहेर पडतं, तेवढी जमीन. माळवदाला पन्हाळ, तसा रानाला ओढा. माळवदाच्या उंच कडेच्या ह्या अंगाला पडलेला थेंब आपल्या पन्हाळीत, त्या अंगाला पडलेला शेजाऱ्याच्या. त्याला सातबारा कळत नाही. छोट्या वगळीचं छोटं पाणलोट, ओढ्याचं त्याहून मोठं, आणि अशी हजारो मिळून गोदावरीचं.

आमचं रान उतरणीचं आहे. सगळ्यात वर गायरानाचा माळ, त्याखाली भावकीतली दोन-तीन रानं, मग आमचं अकरा एकर, आमच्या खाली माझ्या थोरल्या चुलत भावाचं रान, आणि मग ओढा. त्या चुलत भावाला आम्ही सगळे दादा म्हणतो. माळावरून एक वगळ निघते, आमच्या रानाच्या मधून जाते, दादाच्या रानाच्या कडेनं ओढ्याला मिळते. वगळ म्हणजे बारकी घळच. आबांच्या काळात तिच्यात निरगुडी होती, चार-दोन शिंदीची झाडं होती, काठाला हराळी नि पवन्याचं गवत होतं. उन्हाळ्यात तिच्यात मेंढरं बसायची. आबा तिच्या काठापासून दोन हात लांबूनच नांगर वळवायचे. मला वाटायचं, म्हातारा जमीन वाया घालवतोय.

आबांना ही समज बहात्तरच्या दुष्काळात आली असावी. मी तेव्हा तेरा वर्षांचा. रान पेरलं ते उगवलं नाही, उगवलं ते वाळलं. सगळा मराठवाडा दुष्काळी कामांवर होता. आई खडी फोडायची, आबा बांधाच्या कामावर. कामावरच सुकडी मिळायची, घरात लाल मिलो यायचा. त्याची भाकरी घशाखाली उतरत नव्हती, तरी खाल्ली. संध्याकाळी आबा बाजेवर पडून सांगायचे, “बांध वाकडा घालायलेत. म्या मुकादमाला म्हणलं, सुतात कामून घालीत न्हाई? तर त्यो म्हणला, पाणी सुतात ऱ्हात न्हाई.” समान उंचीवरून बांध न्यायचा म्हणजे तो रानाच्या अंगाअंगानं वळतच जाणार, हे आबांना तिथं कळलं. शाळेत न गेलेला माणूस, पण त्यानं ते पोटात ठेवलं.

मी पंचाहत्तरला दहावीला बसलो. दहावीची ती पहिलीच तुकडी. त्याच्या आधी अकरावीला मॅट्रिक असायची. इंग्रजीत राहिलो आणि रानात आलो. तरी दहावीपर्यंत शिकलेला म्हणून गावात अर्ज लिहायला, सह्या करायला लोक मला बोलवायचे. हे मुद्दाम सांगतोय, पुढं त्याचा संबंध येतो.

आबा नव्व्याण्णवला गेले. 2005 च्या उन्हाळ्यात गावात जेसीबी आला होता. बीटी कापसाचे दिवस होते. ज्याच्या त्याच्या तोंडात एकरी किती क्विंटल हेच. माझ्या डोळ्यांसमोर ती वगळ. मनात हिशोब केला. दहा गुंठे मोकळे होतील, दोन तुकडे जोडले जातील, ट्रॅक्टरला वळण सरळ मिळेल. जेसीबीवाल्याला तासावर लावला. दीड दिवसात निरगुडी, शिंदी, दगड-धोंडे सगळं गाडून रान टेबलासारखं केलं. दादा धुऱ्यावर येऊन उभा राहिला होता. म्हणाला, “बारक्या, पाणी कुकडं जाईल रं?” मी म्हणालो, “जाईल की कुकडं बी. पाऊस ऱ्हायलाय कुठं आता?” दादा काही बोलला नाही.

पहिल्या साली त्या दहा गुंठ्यांत कापूस डोक्याएवढा झाला. होणारच. वर्षानुवर्षं माळावरून आलेला गाळ होता तो. मी ज्याला त्याला बोलावून दाखवला.

दुसऱ्या साली, म्हणजे 2006 ला, पाऊस मोठा झाला. त्या ऑगस्टात गोदावरीलाही मोठा पूर होता. आमच्याकडं एका रात्री जो लागला तो उजाडेपर्यंत. सकाळी पांदीनं चिखल तुडवत रानात गेलो. पाण्याला वगळ सापडली नव्हती. माळावरून आलं ते माझ्या रानावर पसरलं, तिरपं धावलं, आणि जिथं उतार जास्त होता तिथं दादाचा धुरा फोडून खाली गेलं. दादाच्या दोन एकरांतली वरची माती गेली होती. खालचा मुरूम पांढरा दिसत होता, जखमेतलं हाड दिसावं तसा. कापसाची झाडं मुळासकट ओढ्यात. विहीर काठोकाठ गाळानं भरलेली. दादा विहिरीच्या थारोळ्यावर बसला होता. त्या दिवाळीनंतर त्याच्या पोरीचं लग्न धरलं होतं.

हा हिशोब मी तेव्हा केला नाही, दहा वर्षांनी केला. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. त्यावर एक इंच पाऊस पडला की एक लाख लिटरच्या वर पाणी होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. आमच्या वगळीला वरून साधारण साठ एकरांचं पाणी येतं. रात्रीत चार इंच पाऊस झाला आणि त्यातलं निम्मं पळालं असं धरलं, तरी एक कोटी वीस लाख लिटर. बाराशे टँकर एका रात्रीत माझ्या दहा गुंठ्यांतून जाणार होते आणि मी त्यांची वाट बुजवून ठेवली होती.

आणि निम्मं पाणी पळणारच. आमच्या काळ्या मातीचा स्वभावच तसा आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, कोपरापर्यंत हात जातो. मिरगाचं पहिलं पाणी ह्या भेगांतून घटाघटा आत जातं. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि श्रावण-भादव्यात मोठा पाऊस आला की चिकण झालेली माती त्याला आत घेत नाही. तो वरच्या वर सुटतो आणि सोबत मातीही नेतो.

मातीचाही हिशोब ऐका. एका एकरावरची एक इंच माती म्हणजे छत्तीस ब्रास. दादाच्या दोन एकरांतून अर्धा फूट तरी गेली. चारशे तीस ब्रास झाले. ब्रासाची एक ट्रॉली धरली तर चारशे तीस ट्रॉल्या. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात म्हणतात. दादाची एका रात्रीत गेली.

आठ दिवसांनी पंचनामा झाला. शेजारी म्हणून आणि लिहिता-वाचता येतं म्हणून पंचांत मी. कागदावर लिहिलं होतं : अतिवृष्टीमुळे जमीन खरडून गेली. ते खोटं नव्हतं. अतिवृष्टी झालीच होती. पण वरच्या शेतकऱ्यानं वगळ बुजवली हे त्यात नव्हतं, आणि मी ते सांगितलं नाही. सही केली. अंगठा नाही, सही. दादानंही मान खाली घालून सही केली. घरी आल्यावर आमची मंडळी म्हणाली, “भाऊजींला काय म्हणलात?” मी म्हणालो, “काय म्हणायचं? अस्मानीला कोण काय करतंय?” ती चुलीपुढून उठून आत गेली.

दादाच्या पोरीचं लग्न दोन वर्षं पुढं गेलं. धरलेलं स्थळ थांबलं नाही, दुसरं बघावं लागलं. दादा माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो बोलायचाच बंद झाला. माझी आई वारली तेव्हा आला, खांदा दिला, आणि सावडायला न थांबता गेला. वहिनी बायकांत बोलायच्या, पण आमच्या आखाड्याकडं त्यांनी पाऊल टाकलं नाही.

माझंही भलं झालं नाही. माझी विहीर वगळीच्या काठाला होती. पूर्वी वगळीतल्या गवतानं, निरगुडीनं, खड्ड्या-खुड्ड्यांनी पाणी अडखळत जायचं. जाता जाता मुरमात उतरायचं. आमच्याखाली सगळा दख्खनचा काळा खडक. अखंड खडकात पाणी राहत नाही. ते राहतं त्याच्या वरच्या कुजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. त्या मुरमापर्यंत जायची पाण्याची वाटच मी बंद केली होती. आधी विहीर होळीपर्यंत पुरायची, मग संक्रांतीला तळ दिसायला लागला. दोन बोअर घेतले. एकात धूळ निघाली, दुसरा एक उन्हाळा चालला आणि फुसफुसायला लागला. मग 2015 चं साल आलं. पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्या गावातही घागरींच्या रांगा होत्या.

त्या दिवसांत जलयुक्त शिवाराची, पाण्याच्या कामांची सगळीकडं हवा होती. आमच्याकडंही एक तरुण पोरगा आराखडा करायला आला. त्यानं आधी शिवारफेरी केली. माळाच्या माथ्यापासून ओढ्यापर्यंत चालवलं. मग देवळापुढच्या मोकळ्या जागेत रांगोळीनं शिवार काढायला लावलं. म्हणाला, “नकाशा माझ्याकडं आहे, पण पाणी कुठून कुठं जायचं ते जुन्या माणसांनी सांगा.” लोकांनी मला पुढं केलं. मी रांगोळीची चिमूट घेतली. माळ काढला, वरची रानं काढली, ओढा काढला. मग माळाकडून वगळ ओढत आणली आणि माझ्या रानाच्या बांधावर हात थांबला.

पोरगा म्हणाला, “पुढं?”

मी म्हणालो, “पुढं न्हाई. म्या बुजवली.”

“कधी?”

“पाचला. त्याच्या दुसऱ्या साली ह्या दादाची दोन एकर माती गेली. ती पावसानं न्हाई, मह्यामुळं गेली.”

दादा तिथंच होता, नेहमीसारखा मागं, खांबाला टेकून. सगळे गप्प झाले. दादा म्हणाला, “पंचनाम्यावर सही कुणाची हाय?”

“मही.”

“मला माहीत हाय. दहा वर्सं माहीत हाय.” एवढं बोलून तो उठला आणि घराकडं गेला. मला वाटलं, आता हे कायमचं तुटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आखाड्यावर आला. चहा घेतला नाही. वगळीच्या जागेवर गेला, काठीनं जमिनीवर रेघ ओढत चालत राहिला, आणि म्हणाला, “इथून व्हती. ह्या बाभळीच्या खालून. आबानं इथं दगड लावले व्हते.” मी मागं मागं चालत होतो. त्याला मोकळी करायची तर दहा गुंठे सोडावे लागतील, तेही तो बोलला नाही, मीही बोललो नाही.

कामाला लागायच्या आधी आम्ही दहा-बारा जण जीप करून जालना जिल्ह्यातलं कडवंची गाव बघून आलो. तिथं 1996 ते 2002 ह्या काळात इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं काम झालं. आता तिथं शेततळी आणि द्राक्षाच्या बागा आहेत. तळी बघून आमच्यातले दोघं-तिघं म्हणाले, आपणबी तळी खंदू. पण तिथल्या माणसांनी आम्हाला आधी वर डोंगराकडं नेलं आणि चर दाखवले. आधी माथा, मग रान, मग ओढा, तळी सगळ्यात शेवटी. माथ्यावर पळणारं पाणी बारीक असतं, ते खोऱ्यानं केलेल्या चरातही थांबतं. खाली येऊन एक झालं की त्याला सिमेंटचा बंधारा लागतो, आणि वरून माती येतच राहिली तर तोही गाळानं भरतो. मला माळवदावरचा तांब्या आठवला. आबा पन्हाळीपाशी कधीच सुरुवात करत नव्हते. आधी वरची कड.

2017 ला, वैशाखातली नृसिंह जयंती झाली आणि आम्ही काम धरलं. गायरानाच्या माळावर ग्रामपंचायतीच्या ठरावानं समतल चर खणले. उंची जुळवायला गवंड्याची लेवलची नळी घेतली. पाणी भरलेली आरपार दिसणारी नळी, दोन टोकं दोघांनी धरायची, दोन्हीकडचं पाणी एका खुणेला आलं की जागा समान उंचीची. एक टोक माझ्या हातात, दुसरं दादाच्या. “वर घे.” “उलीसं खाली.” “थांब.” त्या पंधरा दिवसांत आम्ही एवढंच बोललो. पण दहा वर्षांत झालं नव्हतं एवढं बोलणं ते होतं.

मग वगळ. जेसीबीच आणला, ह्यावेळी उकरायला. उतार बघून दर पन्नास-साठ फुटांवर दगड रचून बांध घातले. चुना-सिमेंट काही नाही. त्यांनी पाणी अडवायचं नसतं, नुसतं दमवायचं असतं. मधला भाग मुद्दाम बुटका ठेवायचा, म्हणजे पाणी मधून जातं आणि काठ कापत नाही. काठाला निरगुडी लावली, पवन्याची ठोंबं लावली. निरगुडीला शेरडं तोंड लावत नाहीत, म्हणून ती टिकली.

रानातले बांध मात्र माझे पहिल्या साली चुकले. माळावर समपातळीवर चर काढले तसेच मी भारी रानातही बांध अगदी समपातळीवर घातले. वाटलं, जेवढं पाणी अडेल तेवढं चांगलं. ऑगस्टात त्यांच्यामागं पाच दिवस पाणी तुंबलं आणि तिथली तूर उभी वाळली. मुरमाड माळाला जे औषध, ते काळ्या रानाला विष. भारी जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो. तिथं बांधाला थोडा ढाळ द्यावा लागतो आणि शेवटी सांडवा, म्हणजे जादाचं पाणी हळूहळू चालत वगळीत जातं. हे ढाळीचे बांध मी दुसऱ्या साली करून घेतले. सोयाबीन आता रुंद वरंब्यावर पेरतो. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचे लोक ते कधीपासून सांगत होते. पाऊस कमी झाला तर वरंब्यात ओल राहते, जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं. विद्यापीठ माझ्या गावापासून तासाभराच्याही आत. मला तिथं जायला साठावं वर्ष उजाडावं लागलं.

एक गोष्ट तर रोज डोळ्यांपुढं होती. आमच्या शिवाराजवळून परभणी-परळीची रेल्वे जाते, निजामाच्या काळातली. लहानपणापासून तिच्या भरावाकडं बघत आलो. भराव उंच आहे, पण जिथं जिथं लवण येतं तिथं खाली दगडी मोरी आहे. आम्ही पोरं त्या मोऱ्यांत लपायचो. लोखंडी रस्ता टाकणाऱ्यांनीसुद्धा प्रत्येक पाण्याला वाट सोडली होती. मी दहा गुंठ्यांसाठी सोडली नाही.

1 आणि 2 सप्टेंबर 2024 ला परभणी, हिंगोली, नांदेडात जो पाऊस झाला तो सगळ्यांच्या ध्यानात असेल. आमच्याकडं रात्रभर आभाळ फाटलं होतं. पहाटे मला राहवलं नाही. घोंगडं घेतलं, बॅटरी घेतली, पांदीनं निघालो. धुऱ्यावर आधीच एक बॅटरी दिसत होती. दादा होता. बहात्तर वर्षांचा माणूस, गुडघे धरलेले, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. आम्ही दोघं वगळीच्या काठाला उभे राहिलो. वगळ काठोकाठ भरून चालली होती. काळं पाणी, फेस, पळसाची पानं. पवन्याचं गवत पाण्यात आडवं पडून पाणी अंगावरून जाऊ देत होतं. वरचा एक दगडी बांध आमच्या डोळ्यांदेखत फुटला, धोंडे खडखडत खाली आले आणि खालच्या बांधाला अडकून थांबले. दादाचा धुरा होता तिथंच होता.

सगळं वाचलं असं नाही. माझं तीन एकर सोयाबीन पिवळं पडलं, दादाचा कापूस खालच्या अंगाला बसला. एवढ्या पावसात कुठलाही बांध पिकाला पुरा वाचवत नाही. पण माती जागेवर राहिली. आणि त्या साली माझी विहीर अक्षय्य तृतीयेपर्यंत चालली.

उजाडताना दादा म्हणाला, “पोरीचं लगीन त्या साली झालं असतं.” मी काहीच बोललो नाही. काय बोलणार? माती सात-आठ वर्षं गाळ टाकून, शेणखत घालून थोडी सुधारते. दादाच्या त्या दोन एकरांत आता ज्वारी येते, कापूस अजून उंच होत नाही. पोरीचं वर्ष परत येत नाही. ती नांदते आहे, लेकरं आहेत, दिवाळीला येते, मला काका म्हणून पाया पडते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवतो आणि दुसरीकडं बघतो. दादानं थोड्या वेळानं बॅटरी विझवली. म्हणाला, “चल, वहिनीनं चहा टाकला असंल.” अठरा वर्षांनी त्याच्या घरी चहा प्यालो.

आता माझा पोरगा शेती बघतो. हुशार आहे. परवा म्हणाला, “अण्णा, पोटखराबा लागवडीखाली आणायचा सरकारी नियम निघालाय. अर्ज केला तर आपले दहा गुंठे पेरणीत धरतील. पीककर्जाला, विम्याला सगळ्याला बरं पडंल.” खरं आहे त्याचं. नियम आहे, आणि ज्यांनी खरोखर मेहनत करून बरड जमीन कसात आणली त्यांच्यासाठी तो चांगलाही आहे. पण आमच्या कागदावर जे खराब म्हणून लिहिलंय, त्याच्यातून साठ एकरांचं पाणी जातं. कागदावर ते पेरणीत आलं की आज ना उद्या कुणीतरी ते नांगरणार. मी नसेन तेव्हा.

हे सगळं त्याला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, “तुझ्या थोरल्या काकाला इचारून ये.”

तो संध्याकाळी दादाकडं गेला. बराच वेळानं आला. हातपाय धुतले, जेवला. दादा काय म्हणाला ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सकाळी उठून बघतो तर खोरं घेऊन तो वगळीत उतरला होता आणि पावसानं फुटलेल्या त्या वरच्या बांधाचे धोंडे एकेक करून परत वर लावत होता.